हजेरीपट मोठ्याने वाचला तेव्हा : अरुणा रॉय आणि हिशेबाची लढाई

आजच्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना जे इकडे-तिकडे झालं होतं ते थोडं आवरून घेतलंय, बाकी गप्पांचा बाज तसाच ठेवलाय.

सुरुवात एका शब्दापासून करू. हजेरीपट.

ज्यांच्या घरात बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी सांगितल्या गेल्या, त्यांना हा शब्द नवा नाही. पाझर तलाव, नाला बंडिंग, खडी फोडणं आणि कामावर मिळणारी सुकडी. सकाळी मुकादम हजेरी घ्यायचा, मग कधीतरी पगारवाटप व्हायचं. पण कागदावर नाव कोणाचं, अंगठा कोणाचा आणि पैसे कोणाच्या हातात, या तिन्ही ठिकाणी एकच माणूस असेल याची खात्री नसायची. गावाला सगळं माहीत असायचं बरं का. 'अमक्याच्या घरातले चार जण न येताच हजेरीवर आहेत' हे पारावर उघड बोललं जायचं. पण पारावरचं बोलणं वाऱ्यावर जातं. पुरावा असतो तो कागद, आणि कागद असतो सरकारी कपाटात.

ते कपाट उघडायला लावलं राजस्थानातल्या मजुरांनी. त्यांच्याबरोबर एक बाई होत्या, ज्यांनी आयएएसची नोकरी सोडलेली होती. अरुणा रॉय. आज आपल्या हातात असलेल्या माहितीच्या अधिकाराची एक मोठी मुळी तिथे जाते. भ्रष्टाचाराविरुद्ध लढणारा माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर उपोषण, मंच आणि गर्दी येते. अरुणा रॉय यांनी उपोषणंही केली, धरणीही धरली. पण त्यांचं खरं काम वेगळं होतं, आणि ते समजून घेतलं की त्यांचा स्वभावही कळतो.

खुर्ची सोडली, मग शिकायला बसल्या

जन्म १९४६ चा, तेव्हाच्या मद्रासमधला. कुटुंब तमिळ, वाढल्या दिल्लीत. इंग्रजी साहित्यात एम.ए., काही काळ प्राध्यापकी आणि १९६८ मध्ये आयएएस. त्या काळात या सेवेत बायका किती होत्या? हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. घरच्यांना, नातेवाइकांना अभिमान वाटावा अशी सगळी कमाई वयाच्या बाविशीत झालेली.

आणि सहा-सात वर्षांत त्यांनी राजीनामा दिला. राजस्थानात अजमेर जिल्ह्यात तिलोनिया नावाचं गाव आहे. तिथे त्यांचे पती बंकर रॉय यांनी १९७२ मध्ये ग्रामीण विकासाचं एक केंद्र सुरू केलं होतं. पुढे ते 'बेअरफूट कॉलेज' म्हणून जगभर ओळखलं गेलं. अरुणा रॉय तिथे गेल्या.

इथे आपण एक चूक करतो. अशी गोष्ट सांगताना 'मोठी अधिकारी गरिबांना शिकवायला गेली' असं सांगतो. झालं उलटं. तिलोनियाजवळच्या हरमाडा गावात नौरती नावाची एक दलित मजूर बाई होती. दुष्काळी कामावर रस्ता बांधणाऱ्या मजुरांना किमान वेतनापेक्षा कमी पैसे मिळत होते. नौरतीबाई त्याविरुद्ध उभ्या राहिल्या, बाकीच्या बायकांना उभं केलं. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. 'दुष्काळी काम म्हणजे मदत आहे, तिथे किमान वेतनाचा कायदा लागू नाही' अशी राज्य सरकारची भूमिका होती, आणि त्यासाठी १९६४ च्या एका राज्य कायद्याचा आधार होता. १९८३ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं म्हणजे वेठबिगारीच, असा त्या निकालाचा गाभा आहे.

नौरतीबाई पुढे साक्षर झाल्या, संगणक शिकल्या, गावच्या सरपंचही झाल्या. आपण राजकारण कोणाकडून शिकलो हे सांगताना अरुणा रॉय नौरतीबाईंचं नाव घेतात. हे नुसतं विनयाचं बोलणं नाही. त्यांचं पुढचं सगळं काम या एका समजुतीवर उभं आहे की काय लुटलं जातंय हे ज्याचं लुटलं जातं त्याला सगळ्यात आधी कळतं.

देवडूंगरीचं घर

१९८३ मध्ये त्यांनी तिलोनिया सोडलं. १९८७ मध्ये त्या देवडूंगरीला आल्या. हे गाव आज राजसमंद जिल्ह्यात आहे. अरवलीच्या डोंगराळ पट्ट्यातला कोरडा मुलूख, पाऊस बेभरवशाचा, घरटी कोणीतरी बाहेरगावी मजुरीला. बरोबर निखिल डे होते, शंकर सिंह होते, शंकर यांच्या पत्नी अंशी आणि मुलं होती. राहायला मातीच्या भिंतींचं लहानसं घर. शंकर सिंह त्याच भागातले, आणि माणूस मोठा हरहुन्नरी. कठपुतळी, गाणी, नकला यांतून ते सरकारी कारभार असा उघडा करतात की समोरचा हसता हसता विचारात पडतो.

या मंडळींनी एक नियम घालून घेतला. परदेशी पैसा नाही, संस्थांचं अनुदान नाही, आणि स्वतःच्या खर्चाला घ्यायचे ते सरकारने मजुराला ठरवून दिलेल्या किमान वेतनाइतकेच. विचार करा, जे किमान वेतन मिळावं म्हणून भांडायचं, त्याच पैशात स्वतः जगायचं. महिनाअखेरीला काय होतं हे मग कोणी समजावून सांगावं लागत नाही. आणि 'तुमचे पैसे कुठून येतात' या प्रश्नाला उत्तरही तयार राहतं. दुसऱ्याचा हिशेब मागणाऱ्याला आपला हिशेब आधी दाखवावा लागतो, हे त्यांनी सुरुवातीलाच ओळखलं होतं.

१ मे १९९० रोजी भीम या गावात 'मजदूर किसान शक्ती संघटना' स्थापन झाली. मागणी साधी होती. काम पूर्ण केलं, मजुरी पूर्ण द्या.

आता इथे खरी गाठ येते. मजूर म्हणायचा, 'मी पूर्ण दिवस राबलो.' कनिष्ठ अभियंता म्हणायचा, 'मोजमापात तुमचं काम कमी भरलं.' मजूर म्हणायचा, 'मग मोजमापाची वही दाखवा.' आणि उत्तर मिळायचं, 'ती सरकारी कागदपत्रं आहेत, दाखवता येत नाहीत.' झालं, बोलणं संपलं! १९२३ चा इंग्रजांचा गोपनीयतेचा कायदा आणि त्यातून आलेली कपाटबंद सवय, दोन्ही स्वातंत्र्यानंतर तशीच चालू होती. खोटं कोण बोलतंय हे ठरवणारा एकमेव कागद, ज्याच्यावर आरोप आहे त्याच्याच ताब्यात.

संघटनेने उपोषणं केली, निवेदनं दिली. हळूहळू लोकांच्या लक्षात आलं की मजुरीची भांडणं शंभर असतील, पण कुलूप एकच आहे. ते म्हणजे कागद.

कोट किराणा, २ डिसेंबर १९९४

पाली जिल्ह्यातल्या कोट किराणा या गावात पहिली जनसुनवाई झाली. पंचायतीच्या कामांची काही कागदपत्रं संघटनेच्या हाती आली होती. हजेरीपट, बिलं, पावत्या. ती घेऊन कार्यकर्ते आधी घरोघर फिरले. 'तुमचं नाव या कामावर आहे. तुम्ही गेला होता का?' मग गावात मांडव पडला. बाहेरून आलेले काही तटस्थ लोक ऐकायला बसले. अधिकाऱ्यांना आणि लोकप्रतिनिधींनाही बोलावलं, कारण त्यांची बाजूही सगळ्यांसमोर यायला हवी.

आणि मग एकाने हजेरीपट मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

ज्याचं नाव वाचलं जायचं तो उठून माइकपाशी यायचा. कोणी सांगायचं, 'मी या कामावर कधी गेलोच नाही.' कोणी सांगायचं, 'गेलो होतो, पण इतके दिवस नाही, आणि इतके पैसे मिळालेच नाहीत.' आणि एक इमारत तर अशी निघाली की कागदावर ती पूर्ण झालेली. पटवाऱ्याच्या कार्यालयाची इमारत, म्हणजे आपल्याकडच्या तलाठ्याची म्हणा. कागद म्हणत होता काम संपलं, आणि गावकरी अपुऱ्या बांधकामाकडे बोट दाखवत होते.

यात नवं काय होतं? चोरी होते हे सगळ्यांना ठाऊकच होतं. पण तोवर ती अफवा होती. आता आकडा आला, तारीख आली, सही आली, आणि ज्याच्या नावाने पैसे उचलले गेले तो माणूस सगळ्या गावासमोर उभा राहिला. हे काम दिल्लीतला तपासनीस करू शकला नसता. नाव वाचताच 'हा तर तेव्हा सुरतेला होता' हे सांगायला गावचाच माणूस लागतो.

पुढच्या काही महिन्यांत आणखी जनसुनवाया झाल्या. ग्रामसेवकांनी कागद द्यायला विरोध केला, काम बंद पाडलं. त्यावरूनच कळलं की बाण बरोबर जागी लागला आहे. पुढे, जानेवारी १९९८ मध्ये, कुकरखेडा पंचायतीच्या जनसुनवाईनंतर सरपंचबाईंनी एक लाख रुपये परत केले. २००१ मध्ये जनावद पंचायतीच्या सुनावणीत तर कागदावर असलेली आणि जमिनीवर नसलेली कामंच सापडली.

अर्थात प्रत्येक ठिकाणी पैसे परत आले, दोषी तुरुंगात गेले, असं काही झालं नाही. तक्रारी रेंगाळल्या, शिक्षा फार थोड्यांना झाल्या. जनसुनवाई हे काही न्यायालय नव्हतं, आणि तसा दावाही नव्हता. पण पुढच्या वेळी खोटी सही करणाऱ्याच्या मनात एक भीती घर करून बसली : हा कागद उद्या वाचला जाईल.

ब्यावरचे चाळीस दिवस आणि लपवलेलं राजपत्र

एप्रिल १९९५ मध्ये मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत यांनी विधानसभेत जाहीर केलं की लोकांना पंचायतीच्या कामांच्या कागदपत्रांच्या प्रती मिळतील. घोषणा झाली, पेपरात छापून आली. वर्ष गेलं, आदेश काही निघेना.

६ एप्रिल १९९६ रोजी ब्यावर शहरात, चांग गेटपाशी, धरणं सुरू झालं. चाळीस दिवस चाललं. राजस्थानातला एप्रिल-मेचा उन्हाळा, वर लोकसभेच्या निवडणुकांची धामधूम. सुरुवातीलाच सरकारने आदेश काढला, पण तो असा की कागद बघता येतील, झेरॉक्स मिळणार नाही. आता निरक्षर मजुराने कचेरीत उभं राहून शंभर पानं बघून काय करायचं? मंडळी उठली नाहीत. खेड्यांतून धान्य आलं, बाजारातल्या लोकांनी भाजी दिली, पैसे दिले. निखिल चक्रवर्ती, कुलदीप नय्यर, प्रभाष जोशी यांच्यासारखे पत्रकार तिथे पोचले. प्रभाष जोशींनी 'जनसत्ता'त लिहिलं आणि पंचायतीची गोष्ट देशाची झाली. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही घोषणा सगळीकडे गेली.

संघटनेतल्या सुशीलाबाई, शिक्षण चौथीपर्यंत. दिल्लीत पत्रकारांनी त्यांना विचारलं की तुम्हाला माहितीचा अधिकार कशाला हवा. त्यांचं उत्तर थोडक्यात असं होतं : मुलाला दहा रुपये देऊन बाजारात पाठवलं तर घरी आल्यावर मी हिशेब मागते. सरकार माझ्या नावाने कोट्यवधी खर्च करतं, मग त्याचा हिशेब मागू नको का? कायद्याची शंभर पानं वाचूनही याहून सोपं कोणाला सांगता आलेलं नाही.

पण कहर पुढेच आहे. १९९७ मध्ये जयपूरमध्ये पुन्हा धरणं. या वेळी त्रेपन्न दिवस. आणि शेवटी जुलैमध्ये उपमुख्यमंत्र्यांनी काय सांगावं? की झेरॉक्स देण्याचा आदेश तर सहा महिन्यांपूर्वीच राजपत्रात छापून झाला आहे! म्हणजे माहिती देण्याचा आदेशच कोणाला माहीत नव्हता. लोक रस्त्यावर बसले होते आणि कागद कपाटात होता. एखाद्या लोकनाट्यात घातलं असतं तर अतिशयोक्ती वाटली असती.

कायदा घडला तो असा

इथे आपला, म्हणजे महाराष्ट्राचाही धागा येतो. १९९६ मध्ये लोकांच्या माहितीच्या अधिकारासाठी राष्ट्रीय पातळीवर एक मंच उभा राहिला. कायद्याचा मसुदा तयार करण्याचं काम भारतीय वृत्तपत्र परिषदेचे तेव्हाचे अध्यक्ष, सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या पुढाकाराने झालं. गोवा आणि तमिळनाडू यांनी १९९७ मध्येच आपापले कायदे केले. राजस्थानचा आला २००० मध्ये. महाराष्ट्रात आधी एक दुबळा कायदा झाला, मग अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्याने अधिक सशक्त कायदा आला. त्यानंतर २००५ मध्ये केंद्राचा कायदा. १२ ऑक्टोबर २००५ पासून तो पूर्ण लागू झाला. त्या दिवशीचा पहिला अर्ज पुण्याच्या एका पोलीस ठाण्यात दाखल झाला, हेही लक्षात असू द्या.

दुसरा धागा रोजगार हमीचा. कामाचा हक्क कायद्यात आणला तो महाराष्ट्राने, वि. स. पागे यांच्या योजनेतून. १९७७ चा तो कायदा. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याला हा आपला अनुभव उपयोगी पडला. पण आपल्या योजनेत जे राहून गेलं होतं ते त्यात राजस्थानातून आलं : हजेरीपट लोकांना खुला, आणि ग्रामसभेने कामांचं सामाजिक अंकेक्षण करायचं. म्हणजे कोट किराणाचा मांडव कायद्याच्या कलमात जाऊन बसला. अरुणा रॉय तेव्हा राष्ट्रीय सल्लागार परिषदेच्या सदस्य होत्या. पुढे मतभेद झाले तेव्हा त्या तिथून बाहेरही पडल्या.

२०११ मध्ये दिल्लीत जनलोकपालाचं आंदोलन पेटलं तेव्हा सगळा देश एका बाजूला झुकला होता. त्या गर्दीत अरुणा रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळं मत मांडलं : सगळे अधिकार एकाच लोकपालाच्या हाती देऊ नका, त्याऐवजी वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळ्या संस्था करा, ज्या एकमेकींना उत्तरदायी राहतील. त्यांच्यावर तेव्हा टीकाही खूप झाली. पण त्यांच्या आयुष्याकडे पाहिलं तर हे मत अचानक आलेलं नव्हतं. ज्यांनी आयुष्यभर 'वरच्या एका प्रामाणिक माणसावर विसंबू नका, खालच्या हजारांच्या हाती कागद द्या' असं सांगितलं, त्यांना एकच मोठा पहारेकरी कसा पटणार? २००० मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नाव त्यांचं झालं, पण प्रत्येक ठिकाणी त्या 'आम्ही' म्हणतात. शंकर, निखिल, नौरती, सुशीला यांची नावं घेतल्याशिवाय त्यांची गोष्ट पूर्ण होत नाही, आणि हे त्यांनी स्वतःच होऊ दिलेलं आहे.

मग आज हे का सांगायचं?

कारण हा हक्क अजूनही सुरक्षित नाही. जानेवारी २०१० मध्ये आपल्या तळेगाव दाभाड्यात सतीश शेट्टी यांचा सकाळी फिरायला गेले असताना खून झाला. जमिनींचे गैरव्यवहार ते माहितीच्या अधिकारातून बाहेर काढत होते. कागद मागणं हे किती महागात पडू शकतं हे आपण घराजवळ पाहिलेलं आहे.

आणि कायद्यालाही हात लागला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने माहिती आयुक्तांचा कार्यकाळ आणि वेतन ठरवणं केंद्राच्या हाती गेलं. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याने माहिती अधिकारातलं एक कलम बदललं. आधी खासगी माहिती नाकारताना 'तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही' किंवा 'तिने खासगीपणावर विनाकारण घाला येतो' असं दाखवावं लागायचं. आता 'वैयक्तिक माहिती आहे' एवढं कारण पुरतं. सरकारचं म्हणणं असं की जनहितासाठी माहिती देण्याची दुसरी तरतूद कायद्यात आहेच. खासगीपणा हाही मूलभूत हक्क आहे, हेही खरं. पण आता कोट किराणाचा मांडव आठवा. तिथे वाचलं काय जात होतं? नावं. नाव, कामाचे दिवस, मिळालेले पैसे. हजेरीपटावरून नावं पुसली तर उरतात नुसते आकडे, आणि आकडा माइकपाशी येऊन 'मी तिथे नव्हतो' असं सांगत नाही.

म्हणून शेवटी एकच विनंती. आपल्या गावातल्या, वॉर्डातल्या एखाद्या कामाचा हिशेब एकदा मागून बघा. रस्ता असेल, गटार असेल, शाळेची भिंत असेल. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. उत्तर आलं की ते एकट्याने फाइलला लावून ठेवू नका. त्या कामावर राबलेल्या, त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या चार लोकांना बसवा आणि मोठ्याने वाचून दाखवा. कागदात काय चुकलंय ते तुमच्याआधी तेच सांगतील.

आजच्यापुरतं इथेच थांबतो. तुमच्या घरी कोणी रोजगार हमीच्या किंवा दुष्काळी कामावर गेलेलं असेल तर त्यांना हजेरीपटाची आठवण नक्की विचारा, आणि आम्हालाही कळवा. पुढच्या भागात भेटूच.